दहा बाय सोळातली बैठक

बोरीवलीत फ्लॅट बघायला गेलं की आधी कार्पेट विचारतात, मग स्टेशनपासूनचं अंतर, मग पाण्याची वेळ. पश्चिमेला वझिरा, बाभई, शिंपोली, चिकूवाडी, योगीनगर. पूर्वेला कुलुपवाडी, दौलतनगर, देवीपाडा. भाव गल्लीगणिक बदलतो, हॉलचं माप मात्र फारसं हलत नाही. दहा बाय सोळा, नशीब जोरावर असेल तर अकरा बाय सतरा, आणि डोक्यावर साडेनऊ फुटांवर स्लॅब. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी सोडून सत्तर-ऐंशीच्या दशकांत जी मराठी कुटुंबं इकडे आली, त्यांना ही खोली ऐसपैस वाटली होती. याच खोलीत पुढे टीव्ही आला, शोकेस आलं, सोफा-कम-बेड आला. आमच्या घरी त्यात आणखी एक गोष्ट येऊन बसली: छोट्या हाय-फाय स्पीकरची जोडी. सव्वा फूट उंचीची खोकी, पाच इंची वूफर, त्याच्यावर एक इंची ट्वीटर, पाठीमागे लाल-काळी टर्मिनल्स. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण या मापाचे चांगले स्पीकर आज अनेक जण करतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

माझं म्हणणं असं, की या खोलीला हेच स्पीकर शोभतात आणि आपल्या रागसंगीताला ही खोली शोभते. मोठे परवडले नाहीत किंवा मावले नाहीत म्हणून छोटे घेतले, असं लोक समजतात. रोज ऐकून, मोजमापं घेऊन माझं मत बरोबर उलटं झालं आहे.

ख्याल हे खोलीतलं गाणं. ते दिवाणखान्यात वाढलं, हवेल्यांत वाढलं, आणि मुंबईत आल्यावर गिरगावातल्या लक्ष्मीबागेसारख्या ठिकाणी गादी-लोडांवर रमलं. गवई समोर बसलेला, तंबोरे त्याच्या मागे, ऐकणारे हाताच्या अंतरापासून पाच-सात मीटरपर्यंत. मायक्रोफोन नाही. स्वर लावताना घेतलेला श्वास ऐकू यायचा, तबलजीने शाईवर बोट ठेवलेलं कळायचं. आज आपण तेच गाणं सभागृहात ऐकतो. बोरीवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आम्हाला जवळ, तिथल्या मैफली मी सोडत नाही. पण तिथे कानावर येतो तो मंचाच्या दोन बाजूंना उभ्या केलेल्या स्पीकरांचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा म्हणून चढवलेला. ते गाणं खोलीच्या मापात परत आणायचं तर घरी आणावं लागतं. घरी आणताना ते गवयाच्या अंगच्या आवाजाएवढंच मोठं ठेवावं लागतं.

हे किती मोठं? हिशेब सोपा आहे. साधारण चांगल्या छोट्या स्पीकरची संवेदनशीलता ८५-८६ डेसिबल असते. म्हणजे एक वॉट दिला की एका मीटरवर तेवढा आवाज. अडीच मीटरवर सोफा, दोन स्पीकर आणि भिंतींची साथ धरली तर एका वॉटमध्ये सोफ्यापर्यंत ऐंशीच्या वर डेसिबल पोचतात. खोलीत समोर बसून गाणाऱ्याचा आवाज सरासरी सत्तर-पंचाहत्तरच्या घरात असतो. म्हणजे बहुतांश वेळ आपण एका वॉटचा अंशच वापरत असतो. तानेची उसळी, तिहाईचा शेवटचा धा, तेवढ्यापुरते पाच-दहा वॉट लागतात आणि लगेच संपतात. नव्वदच्या दशकात दुकानांत टू-इन-वनच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' हजार-हजार वॉट छापलेले असायचे. त्या आकड्याचा ऐकण्याशी काही संबंध नव्हता. त्याने एवढंच केलं, की वॉट म्हणजे आवाज आणि आवाज म्हणजे दर्जा, ही समजूत एका अख्ख्या पिढीत घट्ट बसवली.

त्याआधीची पिढी वेगळ्या वाटेने आली होती. कोणाचा भाऊ मस्कतला, कोणाचा मेहुणा बोटीवर. त्यांनी आणलेला आकाईचा किंवा सोनीचा डेक हॉलमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली असायचा. देशातही माणसं काम करत होती. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून स्पीकर आणि अॅम्प्लिफायर बनवत आली आहे. गाण्यांचा साठा कॅसेटींचा. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटी आमच्या सासऱ्यांनी अजून जपून ठेवल्यात, पाठीवर शाईने राग आणि तारीख लिहिलेल्या. स्पीकर लावल्यावर पहिल्यांदा ते ऐकायला बसले तेव्हा त्यांनी उठून दोन्ही खोक्यांना कान लावून पाहिला. "अगं, आवाज यातून येतच नाहीये. बुवा तर मधे बसलेत."

बुवा मधे बसले, हाच या जोडीचा खरा गुण. पण तिथे जाण्याआधी हे खोकं एवढं लहान असून एवढं खरं कसं बोलतं, ते पाहायला हवं. त्याची गोष्ट बीबीसीत सुरू होते.

साठचं दशक सरताना बीबीसीचे संशोधक सभागृहांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत ध्वनीची तपासणी करत होते. त्या कामासाठी एक छोटा, अतिशय अचूक स्पीकर तयार झाला. त्याच सुमाराला बाहेरच्या प्रक्षेपणासाठी फिरणाऱ्या मोटारींमधल्या ध्वनी-अभियंत्यांची अडचण समोर आली: गाडीत मोठा मॉनिटर मावत नाही आणि हेडफोनवर निवेदकाचा आवाज नीट पारखता येत नाही. त्यातून सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात एलएस ३/५ए हा स्पीकर जन्मला. उंची एक फूट, रुंदी साडेसात इंच, आत जेमतेम पाच लिटर हवा. केईएफ कंपनीचं पाच इंची युनिट आणि पाऊण इंची ट्वीटर, ट्वीटरभोवती जाड फेल्टची चौकट, पातळ बर्च प्लायवूडचं खोकं आणि आतून कंपनं मारणारे थर. एच. डी. हारवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रचनेवरचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांनी परवाना घेऊन हे स्पीकर वर्षानुवर्षं बनवले. यातली हार्बेथ खुद्द हारवूडनीच १९७७ मध्ये काढली. बीबीसीच्या त्या संशोधकांची कसोटी एकच होती: स्टुडिओत माणूस बोलतोय आणि शेजारच्या खोलीत स्पीकर बोलतोय, दोन्हींत फरक किती? बॉम्बस्फोट आणि रणगाडे त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. माणसाचा गळा होता. अभियंत्याच्या त्या मोटारीत आणि आमच्या हॉलमध्ये मला जवळचं नातं दिसतं ते त्यामुळे.

छोट्या खोक्यातून खर्ज काढण्याची युक्ती त्याच्याही आधीची. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विलचर यांनी एआर-१ नावाचा स्पीकर आणला. तोवर खोल आवाजाला कपाटाएवढी पेटी लागायची. विलचरनी वूफरचा कोन मुद्दाम सैल लटकवला आणि पेटी हवाबंद केली. कोनाला मागे खेचायचं काम आतल्या हवेनेच केलं. दुसरी तऱ्हा पोर्टची: खोक्याला एक नळी ठेवायची, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती घुमते तशी आतली हवा ठरावीक स्वरावर घुमून वूफरला मदत करते. किती लिटरला किती लांब नळी, याचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुरं केलं. आज कोणताही कारागीर स्पीकरची पेटी आखतो तेव्हा थील-स्मॉल याच नावाने ते आकडे शोधतो.

तरीही पाच इंची वूफरला मर्यादा आहेच. साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली तो झपाट्याने मंदावतो. सिनेमातला भूकंप त्याला जमणार नाही, चर्चमधल्या ऑर्गनचे सगळ्यात खालचे स्वर जमणार नाहीत. आता आपलं गाणं पाहा. पुरुष गवई काळी एकमध्ये गातोय असं धरू. त्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. डग्ग्याची घुमार शंभरच्या आगेमागे. रोजच्या मैफलीत त्याखाली जाणारं जवळजवळ काही नाही. बाईचा आवाज आणखी वर. आपल्या मैफलीचा सगळ्यात खालचा स्वर आणि छोट्या स्पीकरची खालची वेस एकाच जागी येतात.

खर्जाची ती तार मला वेगळी सांगायची आहे, कारण स्पीकर पारखायला मी तीच वापरते. तंबोऱ्याच्या घोडीला जवारी असते: पृष्ठभाग किंचित गोलाई ठेवून घासलेला, आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा. तार छेडली की ती त्या गोलाईला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि मूळ स्वरासोबत वरचे कितीतरी स्वर उजळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं, की साध्या तारेच्या नियमानुसार जे उपस्वर उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात ठसठशीत ऐकू येतात. आपल्याकडे हे मिरजेच्या कारागिरांना पिढ्यान्पिढ्या हाताने ठाऊक होतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला त्या घोडी घासणाऱ्या बोटांची आठवण झाली.

या उपस्वरांचा छोट्या स्पीकरला मोठा आधार आहे. ६९ हर्ट्झचा मूळ स्वर थोडा क्षीण आला तरी १३९, २०८, २७७, ३४६ हे त्याचे उपस्वर भरभक्कम येतात, आणि कान त्यांच्यामधल्या अंतरावरून मूळ स्वर स्वतःच उभा करतो. टेलिफोनची जुनी लाइन ३०० हर्ट्झच्या खालचं काही पोचवत नव्हती, तरी वडिलांचा भारदस्त आवाज आपण ओळखत होतोच. यातला, मूळ स्वर धरून पाचवा, ३४६ हर्ट्झचा उपस्वर, म्हणजे गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो. तंबोरा सुरेख जुळला की कोणी न छेडता हा गंधार खोलीत तरंगायला लागतो. आमच्या हॉलमध्ये रात्री पंखा बंद करून एखादं साधं, प्रक्रिया न केलेलं ध्वनिमुद्रण लावलं तर आलाप सुरू व्हायच्या आधीच तो ऐकू येतो, आणि येतो तो गवयाच्या मागून, उजव्या खांद्याच्या जरा वर. स्पीकर तिथे नाही. ट्वीटर आणि वूफर जिथे एकमेकांच्या हाती आवाज सोपवतात तो सांधा खरखरीत असेल, तर हा गंधार कधी ऐकू येत नाही. तंबोरा नुसता झणझणतो. दुकानात स्पीकर ऐकायला जाल तेव्हा डिस्कोची गाणी लावू नका. एक मिनिटभर नुसता तंबोरा लावा. दुकानदार चुळबुळेल, चुळबुळू द्या.

आता खोली. लोक स्पीकर निवडण्यात महिने घालवतात आणि आणल्यावर शोकेसमध्ये, काचेच्या बाहुल्या आणि शाळेच्या ढाली यांच्यामधे कोंबून देतात. एक वर टीव्हीशेजारी, दुसरा खाली फ्रीजकडे तोंड करून. मग म्हणतात, आवाज घुमतो. घुमणारच. मुंबईच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. सोळा फूट लांबीच्या खोलीत ३६ हर्ट्झच्या आसपास एक लाट अडकते, आणि मग त्याच्या पटीत ७१, १०७. दहा फूट रुंदीत ५७ आणि ११४. साडेनऊ फूट उंचीत ६० आणि १२०. हे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा. रुंदी आणि उंची जवळपास सारखी, म्हणून ५७ आणि ६० एकमेकांवर चढतात. १०७, ११४, १२० हा तर डग्ग्याचाच मुलूख. बोरीवलीच्या खोलीत डग्गा पिंपासारखा का वाजतो, याचं उत्तर तिच्या नकाशातच आहे. तिथे आठ-दहा इंची वूफरचे उभे टॉवर आणून ठेवले तर खोली त्यांना आणखी चेव आणते. छोटा स्पीकर साठच्या खाली फारसं ढकलतच नाही, म्हणून सगळ्यात त्रासदायक लाट मुळात जागीच होत नाही.

सोफा कुठे ठेवायचा तेही यातच आलं. ७१ हर्ट्झची लाट म्हणजे काळी एकच्या खर्जाची सख्खी शेजारीण. लांबीच्या दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर ती फुगते, चार फुटांवर आणि बारा फुटांवर जवळजवळ नाहीशी होते. पाठ भिंतीला टेकवून बसलं तर खर्ज जाडा, चार फूट पुढे सरकलं तर गायब. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे डोकं आलं की तो आपल्या मापात येतो. स्पीकरच्या मागच्या भिंतीचंही असंच. वूफर भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट १४३ हर्ट्झच्या आसपास समोरच्या लाटेला कापते, आणि गवयाचा षड्ज १३९ ला उभा आहे! हाय-फायच्या इंग्रजी पुस्तकांत 'दोन-तीन फूट पुढे ओढा' असा सर्रास सल्ला असतो. त्यांच्या गिटार-ड्रम्सना तो चालतो. आपल्या गायकाचा मूळ सूरच त्या खड्ड्यात जाऊ शकतो. आमच्याकडे तीन फूट पुढे ओढणं शक्य नव्हतं, मुलं धडकली असती. वूफर भिंतीपासून फूटभर ठेवला, तो खड्डा २८५ हर्ट्झकडे सरकला. स्पीकरचा पोर्ट मागच्या बाजूला होता आणि भिंत जवळ आल्याने घुमायला लागला, त्यात सोबत आलेला स्पंजचा बोळा घातला. षड्ज भरून आला.

स्टँडसाठी दुकानातले महागडे घेण्याची गरज नाही. गोराई रोडच्या बाजूला ग्रिल करणाऱ्या एका वेल्डरकडून चौकोनी पाइपचे करून घेतले. खाली आठ मिलिमीटरची प्लेट, वर पातळ, पाइपात वाळवून चाळलेली रेती. त्याने विचारलं, "ताई, रेती कशाला? देव्हारा आहे का?" रेती भरल्यावर पाइपवर टिचकी मारली तर टणत्कार येत नाही, मंद ठप्प आवाज येतो, पाइप गाण्यात सामील होत नाही, म्हणून ती. उंची ठरवताना मात्र आपल्या बसण्याचा विचार करावा. परदेशी स्टँड चोवीस इंची असतात, कारण खुर्चीत बसलेल्याचा कान जमिनीपासून तीन फुटांवर येतो. गादीवर मांडी घालून बसलं तर कान सहा-आठ इंच खाली जातो. ट्वीटर कानाच्या रेषेत हवा. आमचे स्टँड अठरा इंची आहेत.

मग वायरी. इथे दहा रुपयांची वायर आणि दहा हजारांची वायर यावर भांडणारे पुष्कळ भेटतात. मी त्यात पडत नाही. तांब्याची दीड-अडीच चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटरला पुरते. लक्ष द्यायचं ते लाल-काळ्याकडे. एका बाजूला उलटं जोडलं गेलं तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज पातळ होतो आणि बुवा मधे बसत नाहीत, खोलीभर पसरतात. हे तपासायला जुनं मोनो ध्वनिमुद्रण सगळ्यात उत्तम. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' गेलं ते एकाच माइकच्या, एकाच ध्वनिमार्गाच्या जमान्यात. अशा काळातलं काहीही लावा. दोन्ही स्पीकरांतून तंतोतंत तोच आवाज येतो, म्हणून तो बरोबर मधल्या रिकाम्या जागेत एका बिंदूवर उभा राहायला हवा. राहिला, तर जोडणी बरोबर. हा बिंदू किती लहान आणि किती स्थिर, यावर मी स्पीकरची लायकी ठरवते.

आता खोलीत आवाज किती रेंगाळतो ते. हार्वर्डमध्ये वॉलेस सबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाने १८९५ च्या सुमाराला एका घुमणाऱ्या व्याख्यान-सभागृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून नेल्या, एकेक करून मांडल्या, आणि ऑर्गनचा आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळाने मोजलं. सभागृहांच्या ध्वनिरचनेचं शास्त्र त्या गाद्यांवर उभं आहे. त्याचं सूत्र आमच्या हॉलला लावलं तर रिकाम्या खोलीत, व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचेचं स्लायडिंग धरून, आवाज दीड-दोन सेकंद रेंगाळतो. सोफा, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट आणि दोन माणसं आली की तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो, आणि गाण्याला घरात तेवढाच हवा. नव्या टॉवरांत विटेच्या भिंती गेल्या, सगळीकडे आरसीसी. त्या भिंती आवाजाने जराही हलत नाहीत, सगळा परत पाठवतात. तिथे महागडे फोमचे तुकडे चिकटवणारे मी पाहिलेत. माझा अनुभव असा, की दोन स्पीकरांच्या मधे जमिनीवर एक जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीवर आजीची गोधडी, एवढ्याने निम्मं काम होतं. गोधडी भिंतीला चिकटवू नये, दोन-तीन इंच सोडून लटकवावी. मागच्या हवेमुळे ती आणखी खालचे स्वर पिते.

बाकी शत्रू खिडकीबाहेर. एस. व्ही. रोड, रिक्षा, पुनर्विकासाचे ब्रेकर, गणपतीत डीजे. खिडक्या लावल्या तर पंखा लागतो, आणि पंख्याची घरघर बरोबर तंबोऱ्यावर बसते. आम्ही रात्री साडेनऊनंतर ऐकतो, पंखा एकवर. दहानंतर आवाज आणखी खाली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि ती मला मान्य आहे. भिंतीपलीकडच्या आजी एकदा जिन्यात भेटल्या. मी विचारलं, "आजी, रात्री त्रास होतो का हो?" म्हणाल्या, "तबला येत नाही इकडे. पण तो भूप होता ना परवा? जरा वाढव की." मोठ्या वूफरचा खर्ज भिंती, स्लॅब सगळं ओलांडून वरखाली जातो, शेजाऱ्यांची भांडणं होतात ती त्याच्यावरून. पाच इंची वूफरने हा प्रश्न आमच्या मजल्यावर उठूच दिला नाही.

मुंबईच्या पावसाळ्याबद्दल सांगायलाच हवं. जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. एमडीएफचं खोकं पाण्याचा थेंब लागला की कडेने फुगतं, म्हणून स्टँडखाली पोछा पिळूनच मारायचा. वूफरच्या कडेला कोनाला धरून ठेवणारं जे कडं असतं, ते जुन्या स्पीकरांत बहुधा फोमचं असायचं. हा फोम दमट हवेत आतून विरतो आणि दहा-पंधरा वर्षांत बोट लावताच काळा भुगा होतो. लॅमिंग्टन रोडला अजून काही कारागीर हे कडं बदलून देतात. त्यांच्यापैकी एकाच्या टेबलावर मी सासऱ्यांच्या जुन्या डेकचे वूफर घेऊन गेले होते. त्याने कोन दोन अंगठ्यांनी हळूच आत दाबला, कान जवळ नेला. "कॉइल घासत नाही, ताई. जीव आहे. फक्त फोम गेलाय." मग ब्लेडने जुना भुगा खरवडला, कोनाची कड स्पिरिटने पुसली, धुळीपासून वाचवणारी मधली टोपी कापून आत कॉइलभोवती एक्स-रेच्या फिल्मच्या बारीक पट्ट्या सारल्या. कॉइल बरोबर मधे राहावी म्हणून. त्यानंतर नवं कडं चिकटवलं, वाळू दिलं, पट्ट्या काढल्या आणि कोन पुन्हा दाबून ऐकला. कागद घासल्याचा जरासुद्धा आवाज नाही. हे काम यूट्यूबवर पाहून घरी करता येतं असं म्हणतात. मी त्या माणसाचे हात पाहिलेत, मी त्याच्याकडेच जाईन. नवे स्पीकर घ्याल तर रबराचं कडं बघून घ्या. रबर इथल्या हवेत टिकतं.

सबवूफर जोडावा का, असं पुष्कळ जण विचारतात. सिनेमासाठी जोडा. गाण्यासाठी दहा बाय सोळात मी जोडणार नाही. वर लिहिलेले ५७ आणि ६० त्याची वाटच पाहत बसलेले असतात. साउंडबारचं म्हणाल तर तो टीव्हीवरच्या बातम्यांना ठीक आहे. एकाच पट्टीतून दोन तंबोऱ्यांमधलं अंतर येत नाही, आणि ते अंतर आलं नाही तर गवयाच्या मागची जागाच नाहीशी होते.

आमची इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डरने नवे नकाशे सोसायटीच्या सभेत वाटले. सगळे किचनचा ओटा आणि पार्किंग बघत होते, मी हॉलची मापं फुटपट्टीने काढली: साडेदहा बाय साडेसतरा, छत दहा फूट. रुंदी आणि उंची पुन्हा जवळजवळ तीच, म्हणजे ५४ आणि ५७ ची जोडगोळी तिथेही असणार, आणि भिंती सगळ्या आरसीसीच्या. लांब भिंतीच्या मधोमध त्यांनी टीव्हीचा पॉइंट दाखवला होता. मी आर्किटेक्टला तो आखूड भिंतीवर न्यायला सांगितला, जमिनीपासून फूटभर वर दोन प्लग आणि स्पीकरच्या वायरीसाठी भिंतीतून एक इंची पाइप. "मॅडम, होम थिएटर लावणार का?" त्याने विचारलं. नाही म्हटलं, दोनच स्पीकर आहेत, तेच लावणार. त्याने नकाशावर पेन्सिलीने दोन छोटे चौकोन काढले आणि भिंतीपासून किती, असं विचारलं. फूटभर, मी सांगितलं, आणि सोफ्यामागे अडीच फूट मोकळी जागा ठेवा.